शेकडा किती, आणि कशाचे?

'दर साल दर शेकडा' हे शब्द आपल्या अंकगणितात इतके रुळले आहेत की फळ्यावर नुसते 'द.सा.द.शे.' लिहिले तरी मुलांना अर्थ कळतो. अडचण येते ती पुढे. उदाहरणात दोन-तीन पायऱ्या आल्या की मुले दिसेल त्या रकमेचे टक्के काढू लागतात. अशा उदाहरणांचा आपल्याकडचा इतिहास जुना आहे आणि वर्गात उपयोगी पडणाराही आहे.

आर्यभटाच्या 'आर्यभटीया'त व्याजाचा एक नियम आहे. त्यावर भाष्य करताना इ. स. ६२९ मध्ये पहिल्या भास्कराने एक उदाहरण दिले. शंभरावरचे एका महिन्याचे व्याज ठाऊक नाही. ते व्याज त्याच दराने चार महिने पुन्हा व्याजी लावले. मूळ व्याज आणि त्यावरचे व्याज मिळून ६ झाले. तर शंभराचे महिन्याचे व्याज किती?

उत्तर आहे ५. ताळा पाहू. ५ वर त्याच दराने महिन्याला पाव, म्हणजे चार महिन्यांत १. आणि ५ + १ = ६. येथे दर एकच आहे, पण तो एकदा १०० ला लागला आणि एकदा ५ ला. महिन्याचे व्याज 'क्ष' मानले तर क्ष² + २५क्ष = १५० असे वर्गसमीकरण मिळते. दहावीच्या मुलांना ते सहज सोडवता येईल.

इ. स. ११५० मधील 'लीलावती'त दुसऱ्या भास्कराचार्यांनी विचारले आहे : महिन्याला शेकडा ५ दराने एका वर्षाची रास १००० झाली, तर मुद्दल आणि व्याज वेगवेगळे सांगा. आपल्या वर्गातली चूक येथे नेमकी दिसते. वर्षाचे व्याज शेकडा ६०, म्हणून १००० चे ६०० व्याज आणि ४०० मुद्दल, असे मूल लिहून मोकळे होते. पण ४०० चे वर्षाचे व्याज २४०. रास होते अवघी ६४०. शेकडा ६० आहेत ते मुद्दलाचे, राशीचे नव्हेत.

भास्कराचार्यांनी दाखवलेली एक रीत 'इष्टकर्मा'ची आहे. मुद्दल १ माना. व्याज ३/५, म्हणून रास ८/५. आता १००० ला ८/५ ने भागले की मुद्दल ६२५ आणि उरलेले ३७५ व्याज. 'मुद्दल १०० धरा' असे आपण वर्गात सांगतो ती हीच रीत. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणे येथे आहे, हेही मुलांना सांगावे.

या उदाहरणांतला दर मात्र नुसता आकडा नव्हता. मनुस्मृतीत महिन्याला शेकडा २, ३, ४ आणि ५ असे वर्णानुसार चढते दर सांगितले आहेत. सर्वांत जास्त दर शूद्रासाठी. म्हणजे ज्याच्यावर व्याजाचा भार सर्वाधिक, त्यालाच शिक्षणाची वाट बंद होती. आपल्या कर्जाचा हिशेब त्याने कसा तपासावा?

आज शाळा सर्वांना खुली आहे, पण प्रश्न संपलेला नाही. १००० रुपयांच्या वस्तूची किंमत २० टक्के वाढवली तर १२०० होते. मग तिच्यावर २० टक्के सूट दिली तर २४० कमी होऊन ९६० उरतात, १००० नव्हे. कर्जाचे व्याज मूळ रकमेवर की उरलेल्या रकमेवर, यानेही हप्त्यांच्या हिशेबात मोठा फरक पडतो.

म्हणून बहुपायरी उदाहरणात प्रत्येक टक्क्यापुढे मुलांना एक शब्द लिहायला लावू या : कशाचे? मुद्दलाचे, राशीचे, खरेदीचे की छापील किमतीचे? तो शब्द लिहिला की पुढची पायरी बहुधा आपोआप सापडते. उद्या कर्जाच्या कागदावर सही करताना हाच प्रश्न त्यांनी विचारला, तर आपले शिकवणे कारणी लागले असे म्हणता येईल.