अडीचशे शब्दांचा साहेब

कादंबरीकाराला ‘सध्या नवीन काय?’ असं विचारलं की तो आधी खिडकीबाहेर बघतो, मग उसासा टाकून म्हणतो, ‘आत काहीतरी चाललंय.’ आमच्या शाखेत कुणी असं म्हणालं तर आम्ही त्याला सोडा पाजतो. लेखक म्हणाला की त्याची मुलाखत छापून येते!

या गोतावळ्यात मला आपला वाटलेला माणूस एकच, इंग्लंडातला अँथनी ट्रोलप. १८३४ साली, एकोणिसाव्या वर्षी पोस्टखात्यात कारकून म्हणून चिकटला तो १८६७ पर्यंत. रस्त्यातली पत्रपेटी ब्रिटिश अमलात आली ती त्याच्या शिफारशीवरून. पहिला प्रयोग १८५२ साली जर्सी बेटावर झाला. एवढ्या भांडवलावर दुसऱ्या एखाद्या साहेबाने उरलेली नोकरी खुर्चीत डुलक्या घेत काढली असती. याने सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या, आणि त्यातल्या नावाजलेल्या बहुतेक नोकरी सांभाळून.

पद्धत अशी : पहाटे साडेपाचला टेबलाशी. कॉफी देऊन उठवण्यासाठी घोड्याच्या मोतद्दाराला वर्षाला पाच पौंड जादा. समोर घड्याळ; दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द. असे तीन तास, आणि मग ऑफिस. किती पानं झाली याची रोजची नोंद वहीत. आगगाडीत बसला तर मांडीवर पाटी ठेवून पेन्सिलीने लिही. घरी बायको त्याची सुवाच्य प्रत करी. १८५८ साली पोस्टाच्या कामाला इजिप्तला गेला असताना एक कादंबरी संपली. दुसऱ्या दिवशी? पुढची सुरू. प्रतिभेला कॅज्युअल लीव्हसुद्धा नाही!

आपल्या हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ काढलं. आठवड्याच्या आठवड्याला मजकूर पुरवता पुरवता त्यांच्या काही कादंबऱ्या अर्ध्यावरच राहिल्या. ट्रोलपचा हिशेब सहसा पुरा. १८८२ साली एक तेवढी अपुरी राहिली, पण तिथे रजा वरूनच मंजूर झाली होती.

अशा माणसाला काळीज नसावं, असं तुम्हाला वाटेल. तर ऐका. एकदा क्लबात दोन पाद्री त्याच्या कादंबऱ्यांवर तोंडसुख घेत होते. तीच तीच पात्रं, त्यात ती बिशपची कजाग बायको मिसेस प्राउडी! ट्रोलप उठून त्यांच्यापुढे गेला, ‘तो लेखक मीच’ म्हणाला आणि आठवड्याच्या आत बाईला मारून टाकण्याचं कबूल केलं. तशी मारलीही. पुढे त्याने लिहून ठेवलंय की तिच्या भुताची सोबत आपल्याला अजून आहे. घड्याळ लावून लिहिलेल्या बाईसाठी कुणी एवढं झुरतं का हो?

हे सगळं त्याने स्वतःच आत्मचरित्रात सांगितलं. ते मरणोत्तर, १८८३ साली आलं. त्यात पुस्तकवार कमाईचा तक्ता आहे. एकूण ६८,९३९ पौंड, १७ शिलिंग, ५ पेन्स. पाच पेन्ससुद्धा सोडले नाहीत! बी. कॉम. झालेल्या माणसाचे डोळे पाणावावेत अशा जागा साहित्यात फार थोड्या. ही त्यातली एक. रसिकांचं मात्र पित्त खवळलं. घड्याळ लावून, पैसे मोजून लिहितो तो कसला कलावंत? त्याचा भाव पुष्कळ उतरला तो दीर्घकाळ. ‘नोकरी सांभाळून लिहिता वाटतं?’ असं मला जे विचारतात त्यांच्याही डोळ्यांत मी हीच नजर पाहिली आहे.

पण हा हिशेब तो कुठे शिकला, ते त्याच पुस्तकात आहे. बाप कर्जापायी १८३४ साली बेल्जियममधल्या ब्रूज गावी पळाला. तिथे नवरा आजारी, एक मुलगा क्षयाने चाललेला, आणि घर चालवायला फक्त आईची लेखणी. पहिलं पुस्तक प्रसिद्ध झालं तेव्हा बाई पन्नाशी ओलांडलेल्या. औषधाच्या बाटल्यांशेजारी शाईची दौत. रात्री उशाशी जागायचं, आणि मधल्या वेळात लोकांना हसवणाऱ्या कादंबऱ्या लिहायच्या. मुलगा त्याच वर्षी गेला, नवरा पुढच्या वर्षी. पुस्तकं वेळेवर गेली.

त्या पहाटे चारला टेबलाशी बसत. चिरंजीव साडेपाचला. दीड तासाची सवलत तेवढी त्याने घेतली.