शोककवितेला चेहरा देताना

कोल्हापूरच्या सांस्कृतिक इतिहासात १९२९ ते १९३३ ही वर्षे मोठी विलक्षण आहेत. माधव ज्यूलियन, म्हणजे प्रा. माधव त्र्यंबक पटवर्धन, तेव्हा राजाराम महाविद्यालयात फार्सी शिकवीत होते. त्याच शहरात १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली आणि १९३२ साली तिने ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट तेथेच तयार केला. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली. ‘छंदोरचना’कार आणि नुकताच बोलू लागलेला पडदा असे काही काळ एकाच गावचे रहिवासी होते. रविकिरण मंडळाची शोककविता मात्र पडद्यावर आली ती वीस वर्षांनी, आणि तीही मंडळातल्या दुसऱ्या कवीची. ती आणणारा संगीतकार मात्र कोल्हापूरच्या प्रभातमध्येच उमेदवारी केलेला होता.

हल्ली महाविद्यालयांतून कवितांवर लघुपट करण्याची हौस वाढली आहे आणि त्यासाठी शोककविता विशेष आवडीने निवडल्या जातात. हार घातलेली तसबीर, विझणारी समई, खिडकीवरचा पाऊस एवढी सामग्री जमली की शोक चित्रित झाला, असे मानले जाते. म्हणूनच या जुन्या प्रकरणाकडे पुन्हा एकदा पाहावे, असे आम्हांस वाटते.

मातृवियोगाच्या दोन कविता मराठी माणसाला शाळेपासून ठाऊक आहेत. एक यशवंतांची ‘आई’, दुसरी माधव ज्यूलियनांची ‘प्रेमस्वरूप आई’. दोघेही रविकिरण मंडळाचे कवी. दोन्ही कवितांची लयही एकच आहे. ‘गागालगा लगागा’ हा तुकडा ओळीत दोनदा येतो, आणि एकीच्या चालीवर दुसरी बिनदिक्कत म्हणता येते. विषय एक, लय एक. तरीही या कविता परस्परांपासून फार दूर आहेत.

यशवंतांचा ‘मी’ पाहतो आणि ऐकतो. दुसरे कुणी आपल्या आईला हाक मारते, ती याच्या कानी पडते. चिमणी पिलांना भरवते, गोठ्यात गाय वासराला चाटते. जे दिसते ते सारे भरलेले आहे. रिता आहे तो पाहणारा. दुःखाचे वर्णन न करता दुसऱ्याचे सुख दाखवावे आणि दुःख वाचकाने ओळखावे, ही या कवितेची रीत. ही रीत मुळातच कॅमेऱ्याच्या स्वभावाला जवळची आहे.

माधव ज्यूलियनांची कविता दृश्य दाखवीत नाही. ती थेट आईशी बोलते. त्या बोलण्यात आर्जव आहे, पण तक्रारही आहे. कान्ह्याला टाकून गेलेली यशोदा, तान्ह्याला दूर ठेवून अग्नीत शिरणारी सती, अशा प्रतिमांतून कवी मृत आईवर निष्ठुरपणाचा आरोप करतो. शेवटी पुन्हा तिच्याच पोटी जन्म मागतो. लता मंगेशकरांच्या स्वरातून ही कविता घरोघरी पोचली आणि मातृस्तवन म्हणून समारंभांतून गाइली जाऊ लागली. त्या गौरवात तिच्यातला राग आपण ऐकेनासे झालो. शोकात मृताविषयीचा रागही असतो, हे मराठी कवितेने इतक्या स्पष्टपणे क्वचितच म्हटले असेल.

यांपैकी यशवंतांची कविता आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ (१९५३) या चित्रपटात आली. संगीत वसंत देसाईंचे, स्वर आशा भोसले यांचा. देसाई १९२९ च्या सुमारास कोल्हापुरात प्रभातमध्ये दाखल झाले होते आणि तेथेच त्यांनी चित्रपटाचे पहिले धडे गिरवले. साने गुरुजींनी मूळ पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यात मोठा झालेला श्याम रात्रीमागून रात्री आपल्या गेलेल्या आईच्या आठवणी सांगतो. म्हणजे पुस्तकाचा घाटच शोकाचा आहे. आई आहे ती केवळ सांगणाऱ्याच्या शब्दांत. अत्र्यांच्या पडद्यावर मात्र ती वनमालाबाईंच्या रूपाने चालू-बोलू लागली, आणि श्यामला माधव वझे यांचा चेहरा मिळाला. चित्रपटाला १९५४ साली राष्ट्रपती सुवर्णपदक लाभले, हे सर्वज्ञात आहे.

या रूपांतरात कवितेने काय कमावले आणि काय गमावले? कमावले ते उघड आहे: लाखो श्रोते आणि दीर्घ आयुष्य. गमावले ते सूक्ष्म आहे. कवितेतल्या ‘मी’ला नाव नव्हते, म्हणून तो प्रत्येक वाचकाचा होता, आता तो श्याम झाला. कवितेत आई कोठेच दिसत नव्हती, आणि ते न दिसणे हाच कवितेचा गाभा होता. प्रेक्षकाने मात्र ती पाहिलेली असते. म्हणून प्रेक्षकाचा शोक हा पाहिलेला चेहरा आठवण्याचा, तर वाचकाचा शोक चेहराच नसण्याचा. अत्र्यांना यासाठी दोष देण्याचे कारण नाही. ते एका पुस्तकाची कथा सांगत होते, कविता तीत सामील झाली. परंतु आज जो केवळ कवितेवरच लघुपट करू पाहतो, त्याच्यावर कथेची सक्ती नाही. त्याने आईची भूमिका करणारी नटी शोधण्यापूर्वी थोडे थांबावे.

थांबून कोठे पाहावे, याचे उत्तर पुन्हा कोल्हापुरातच आहे. बाबूराव पेंटर यांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ हा मूकपट केला. तरुण व्ही. शांताराम त्यात जमीन गमावलेल्या शेतकऱ्याच्या भूमिकेत होते. हा शोक मृत्यूचा नव्हता, मातीचा होता. जे. बी. एच. वाडिया यांना पुढे या चित्रपटातील एक दृश्य आठवत राहिले: अंधुक उजेडातली उदास झोपडी आणि रडणारे कुत्रे. चित्रपट मुका, कुत्र्याचे रडणे कुणाला ऐकूच येणार नव्हते. ते फक्त दिसले, आणि न आलेला आवाज प्रेक्षकाला आपल्या मनातून पुरवावा लागला.

शोककवितेचे चित्रण करणाऱ्याने शिकावे ते हेच, असे आमचे मत आहे. कविता ज्याविषयी गप्प आहे, तेथे कॅमेऱ्यानेही गप्प राहावे. यशवंतांची कविता घेतली, तर चिमणी, गोठा आणि दुरून आलेली परक्या मुलाची हाक एवढे पुरे आहे. माधव ज्यूलियनांची घेतली, तर तिच्यातली तक्रार गाळू नये. तसबिरीपुढे रडणारा मुलगा दाखवणे सोपे आहे. तसबिरीवर रागावलेला मुलगा दाखवायला धैर्य लागते. कवीने ते दाखवले होते.