आगाखान पॅलेस (पुणे)

आगाखान पॅलेस : पुण्याच्या ईशान्येस, नगर रस्त्यावर येरवड्यानजीक असलेली व्हिक्टोरिया राणीच्या काळातील निवासी वास्तू. येथे सध्या गांधी स्मारक व संग्रहालय आहे. आवार १९ एकर, पैकी बांधकाम ७ एकर. २००३ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिला राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक घोषित केले.

वास्तू : इस्माइली पंथाचे इमाम तिसरे आगाखान (जन्म १८७७) यांच्या नावे ही १८९२ मध्ये उभी राहिली. दुष्काळाने गांजलेल्या आसपासच्या खेड्यांतील लोकांना रोजगार मिळावा म्हणून हे काम काढले, असे सांगतात. इटालियन धाटणीच्या कमानी, पाच मोठी दालने, भोवती सुमारे अडीच मीटर रुंदीचा व्हरांडा व पुढे प्रशस्त हिरवळ अशी रचना आहे.

कारावास : ‘छोडो भारत’ ठरावानंतर ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत अटक झालेल्या महात्मा गांधींना खास गाडीने चिंचवडपर्यंत व तेथून मोटारीने येथे आणले. सोबत महादेवभाई देसाई, मीराबेन व सरोजिनी नायडू होत्या; कस्तुरबा व डॉ. सुशीला नायर दोन दिवसांनी आल्या. आठवडाही झाला नव्हता तोच, १५ ऑगस्टला महादेवभाई हृदयविकाराने गेले. त्यांचा जन्म १ जानेवारी १८९२ चा, म्हणजे वास्तूच्याच वर्षाचा. पंचवीस वर्षे सावलीसारख्या वावरलेल्या या सहकाऱ्याच्या देहाला गांधींनी स्वतः स्नान घातले. दहन आवारातच झाले. पुढे त्या जागी जाऊन फुले वाहणे हा गांधींचा नित्यनेम झाला.

१० फेब्रुवारी १९४३ पासून गांधींनी येथे एकवीस दिवसांचे उपोषण केले. वर्षभराने कस्तुरबांचा आजार बळावला. पुत्र देवदास यांनी पेनिसिलिन मागवले होते. मात्र अखेरच्या घटकेला सुया टोचून त्रास देऊ नये, असे गांधींचे मत पडले. २२ फेब्रुवारी १९४४, महाशिवरात्रीच्या संध्याकाळी, कस्तुरबांनी गांधींच्या मांडीवर डोके ठेवून प्राण सोडला. गांधींनी कातलेल्या सुताची साडी त्यांना नेसवली होती. चिता विझेपर्यंत पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावरचे गांधी तेथून हलले नाहीत. ६ मे १९४४ रोजी त्यांची सुटका झाली.

संग्रहालय : १९६९ मध्ये चौथ्या आगाखानांनी ही वास्तू राष्ट्राला अर्पण केली. दालनांत छायाचित्रे, चित्रे व वापरातील वस्तू आहेत. गांधींच्या खोलीतील बैठक, चरखा व मोजके सामान पाहून पुष्कळ प्रेक्षक मागे फिरतात. समाध्या मात्र वास्तूच्या मागच्या बाजूस, झाडीत आहेत. महादेवभाई व कस्तुरबा यांच्या संगमरवरी समाध्या शेजारी शेजारी असून त्यांवर तुळस आहे; परिसराची रचना वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची. गांधींच्या अस्थींचा अंशही येथे आहे. या घराचे मोल कमानींहून या दोन ओट्यांत अधिक आहे. तेथवर गेल्याशिवाय भेट पुरी होत नाही.

‘गांधी’ (१९८२) चित्रपटातील काही प्रसंग येथे चित्रित झाले.

अर्थव्यवस्था : आवारात खादीची विक्री होते. प्रवेशशुल्क आहे.

दळणवळण : पुणे मेट्रोच्या वनाझ–रामवाडी मार्गाचा या भागातील शेवटचा टप्पा मार्च २०२४ मध्ये सुरू झाला. स्मारकाला बाधा येऊ नये म्हणून तो नगर रस्त्याऐवजी कल्याणीनगरातून वळवला आहे.   मुंबईहून पुण्याची गाडी कल्याणवरून कर्जतकडे व पुढे घाटात जाते. ९ ऑगस्ट १९४२ ची ती खास गाडीही याच लोहमार्गाने गेली होती.