डायनाचा ठसा

बंगळूरच्या पूर्वेस, विमानांच्या कारखान्यापलीकडे, मारतहळ्ळी हे एके काळचे खेडे आता शहरात पुरते मिसळून गेले आहे. त्याच्या नावाची उपपत्ती कोणी मराठ्यांच्या वस्तीवरून लावतात, तर कोणी ‘मारुत’ या लढाऊ विमानावरून. १६३८ नंतर बंगळूर ही शहाजीराजांची जहागीर होती. तेव्हा पहिली उपपत्ती मराठी कानाला गोड लागावी, हे स्वाभाविकच आहे. पण गोडी हा पुरावा नव्हे. मारुत विमान प्रथम आकाशात झेपावले ते १७ जून १९६१ रोजी. त्याआधीच्या एखाद्या दप्तरात हे ग्रामनाम आढळले, की दुसरी उपपत्ती आपोआप गळून पडते.

जुन्या वस्तूची ओळखही अशाच रीतीने पटवावी लागते. छावणी आणि कारखाने यांनी वाढलेल्या या शहरात एखाद्या घरच्या जुन्या ट्रंकेच्या तळाशी हवेचे पिस्तूल निघाले, तर ‘साहेबाने विलायतेला जाताना आजोबांना दिले’ ही कथाही बहुधा त्याच्याबरोबरच बाहेर पडते. कथा खरी असेलही. पण साक्ष घ्यायची ती लोखंडाची.

या पिस्तुलात दारू नसते. आतली स्प्रिंग दाबून अडकवायची. घोडा ओढला की ती सुटते, दट्ट्या हवा दाबतो आणि त्या दाबाने शिशाचा छरा नळीतून बाहेर पडतो. ‘डायना’ क्रमांक २ या साध्या पिस्तुलात नळीच मागे ढकलून स्प्रिंग ताणावी लागते आणि मागचा स्क्रू काढून छरा घालावा लागतो. घोडा ओढताच नळी पुढे उसळते. त्यामुळे नेम धरणाराची फजिती ठरलेलीच! पोरांच्या हौसेचे हे हत्यार. पण त्याच्यावरील ठसा एका मोठ्या उलथापालथीची साक्ष देतो.

डायना ही रोमन पुराणातील मृगयेची देवता. धनुष्य पायाशी टाकून हातातली बंदूक उंच धरलेली तिची आकृती जर्मनीतील रास्टाट येथील मायर आणि ग्रामेल्सपाखर या कारखान्याने आपले चिन्ह केले. कारखाना १८९० सालचा. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचा पाडाव झाला आणि युद्धाच्या भरपाईदाखल या कारखान्याची यंत्रे ब्रिटनला गेली. डायना हे नावही तेथे गेले. स्कॉटलंडातील मदरवेल येथे मिलार्ड बंधूंच्या ‘मिलब्रो’ कंपनीने त्याच नावाची पिस्तुले काढली. रास्टाटचा कारखाना १९५० च्या सुमारास पुन्हा उभा राहिला, तेव्हा ब्रिटनमध्ये त्याला स्वतःचेच नाव वापरण्याची मुभा उरली नव्हती. आपला माल त्याने तेथे ‘ओरिजिनल’ या नावाने विकला. या शब्दात धंद्याइतकाच मानभंगही आहे.

म्हणून नुसते ‘डायना’ वाचून ‘जर्मन’ म्हणणे ही घाई होय. खाली ‘मेड इन ग्रेट ब्रिटन’ असेल, तर ते पिस्तूल युद्धोत्तर स्कॉटलंडचे. जर्मन बनावटीच्या युद्धोत्तर हत्यारांवर पुष्कळदा महिना आणि वर्ष यांचे बारीक आकडे असतात. पंचकोनात रोमन ‘एफ’ अक्षर दिसले, तर आजोबांच्या साहेबाला निरोपच द्यावा. ते चिन्ह पश्चिम जर्मनीच्या १९७० नंतरच्या कायद्याचे आहे. इंग्रज वेब्ले पिस्तुलांची गोष्ट जराशी निराळी. बर्मिंगहॅमच्या या कारखान्याचे पहिले यशस्वी हवेचे पिस्तूल १९२४ चे. त्यांवर पेटंटचे आकडे असतात; पण पेटंटचे वर्ष म्हणजे घडणीचे वर्ष नव्हे. ‘याच्या आधीचे नाही’ एवढेच ते सांगते.

युद्धानंतर रास्टाटची यंत्रे ब्रिटनला गेली. जर्मनीतील माणसांनी इतर वाटा धरल्या. फोके-वुल्फ १९० या नामांकित विमानाचे शिल्पकार कुर्ट टांक आधी अर्जेंटिनास गेले आणि १९५६ मध्ये बंगळुरास आले. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० साली उभारलेल्या विमान कारखान्यात त्यांनी जे विमान रचले, तेच हे मारुत. मारतहळ्ळीच्या नावाशी लोकांनी जोडलेले विमान आणि ट्रंकेतले स्कॉटिश डायना यांच्यामागे अशा रीतीने एकच पराभव उभा आहे.

जुने पिस्तूल हाती आले, की ते पॉलिश कागदाने घासून लखलखीत करण्याचा मोह होतो. तसे केल्यास गंजाबरोबर ठसाही जातो आणि उरते ते निनावी लोखंड. मऊ फडके आणि थोडे तेल पुरते. भारताच्या २०१६ च्या शस्त्र नियमांनी हवेच्या हत्यारांसाठी २० ज्यूल ऊर्जा आणि ०.१७७ इंच नळी ही परवान्याची सीमा घातली. क्रमांक २ चे पिस्तूल त्या ऊर्जेच्या जवळपासही जात नाही. तथापि नळीचे माप घ्यावे आणि ठशांची नोंद कागदावर करून पिस्तुलाबरोबर ठेवावी. डायना हे नाव ब्रिटनमध्ये रास्टाटच्या मालावर परत आले ते १९८० नंतरच्या दशकात, मिलब्रोचे काम थांबल्यावर.