संरचनावाद आणि मराठवाड्याचा सीमाप्रदेश

पाश्चात्त्य विचाराची एखादी लाट आपल्याकडे येते तेव्हा तिच्याबरोबर नावे पुष्कळ येतात, उदाहरणे मात्र थोडी येतात. संरचनावादाचेही तसेच झाले. सोस्यूर, याकोब्सन, लेवी-स्त्रोस, लाकां ही नावे आमच्या समीक्षेत रुळली. परंतु हा विचार आपल्याच मुलखातील बोलण्या-वागण्यावर लावून पाहिल्यावाचून त्याचे खरे मोल कळावयाचे नाही. तेलंगण व कर्नाटक यांना लागून असलेले नांदेड व लातूर हे जिल्हे अशा परीक्षेस फार सोयीचे आहेत, असे आम्हांस वाटते.

प्रथम मूळ सिद्धांत पाहू. फेर्दिनां द सोस्यूर (1857–1913) हा व्यवसायाने संस्कृतचा अध्यापक. त्याचा 1881 साली छापलेला प्रबंधही संस्कृतातील षष्ठीच्या एका प्रयोगावर आहे. 1907 ते 1911 या काळात जिनीव्हा येथे त्याने दिलेली व्याख्याने त्याच्या मृत्यूनंतर, 1916 मध्ये, ग्रंथरूपाने निघाली. त्यांचे सार असे की, शब्दाला एकट्याने अर्थ नसतो. शेजारच्या शब्दांशी असलेल्या भेदामुळे त्याला अर्थ येतो. आपले ‘आम्ही’च घ्या. हिंदीतील ‘हम’ ऐकणाऱ्याला आत घेतो किंवा बाहेरही ठेवतो. मराठीत मात्र ‘आम्ही’च्या शेजारी ‘आपण’ उभे आहे, म्हणून ‘आम्ही’ची सीमा आखली गेली. हा निबंध ‘आम्ही’ लिहितो. ‘आपण’ लिहितो म्हटले तर वाचकालाही लेखणी धरावी लागेल! तेलुगूत हाच भेद ‘मेमु’ व ‘मनमु’ असा आहे. हा भेद मुलाला कोणी शिकवीत नाही, तरी ते चुकत नाही. माणसाच्या नकळत त्याच्या बोलण्याला चालविणारी ही जी व्यवस्था, तिच्यावरूनच अबोध मनाची घडण भाषेसारखी असते, हा मानसशास्त्रातील सिद्धांत पुढे लाकांने मांडला.

आता आमच्या मुलखाकडे वळू. राष्ट्रकूट राजे स्वतःस लट्टलूर नगरीचे अधीश्वर म्हणवीत, आणि ते लट्टलूर म्हणजे आजचे लातूर असे सामान्यतः मानले जाते. त्याच वंशातील अमोघवर्षाच्या काळी, नवव्या शतकात, रचलेला ‘कविराजमार्ग’ हा ग्रंथ कन्नड देश कावेरीपासून गोदावरीपर्यंत पसरला असल्याचे सांगतो. नांदेड तर गोदावरीच्याच काठी वसलेले! म्हणजे आज ज्यास सीमा म्हणतात तेथे हजार वर्षांपूर्वीही भाषा एकमेकींत मिसळलेल्या होत्या. पुढे निजामी अमलात उर्दूची भर पडली. या सहवासाचे फळ काय, ते एका वाक्यावरून दिसेल. मराठी माणूस ‘येतो म्हणून सांगितले’ असे म्हणतो. तेलुगू ‘वस्तानु अनि चेप्पाडु’ म्हणतो. कन्नड ‘बरुत्तेने एंदु हेळिद’. दखनी ‘आतूं बोलके बोल्या’. चारही वाक्यांत शब्द वेगळे, परंतु सांगितलेले बोल आधी आणि ‘म्हणणे’ या अर्थाचे कृदंत त्यांच्या मागून, ही मांडणी एकच. सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथे गम्पर्झ व विल्सन यांनी 1971 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच आढळले: घरोघरी भाषा निराळ्या राहिल्या, पण वाक्यरचना इतकी सारखी झाली की शब्दामागून शब्द ठेवीत एका भाषेतून दुसरीत जाता यावे. शब्दांनी घराचे वेगळेपण राखले आणि रचनेने बाजाराचा व्यवहार चालविला.

1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. त्या वेळी बिदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके मराठी मुलखाकडे आले, तर नांदेड जिल्ह्यातील देगलूर तालुक्याची बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे तेलुगू मुलखाकडे गेली. ही रेषा चुकली असे आमचे म्हणणे नाही. कारभारास रेषा लागतेच. परंतु ती मातृभाषेच्या नावावरून आखली जाते, आणि भाषेची घडण ते नाव विचारीत नाही. तेव्हा सीमेवरच्या बोलीस ‘भेसळ’ म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, भेसळीला नियम नसतो. या बोलीला तो आहे.

जे भाषेत तेच नात्यांत. लेवी-स्त्रोसने 1949 साली आप्तसंबंधांवरील आपल्या ग्रंथात विवाह हा कुळाकुळांतील देवघेवीचा व्यवहार म्हणून मांडला. इरावती कर्वे (1905–1970) यांनी 1953 च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात भारताचे आप्तसंबंधांवरून विभाग पाडले व महाराष्ट्रास उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात ठेवले. आपल्याकडे अनेक समाजांत मामाची मुलगी करतात, आत्याची मात्र टाळतात; तेलुगू व कन्नड मुलखांत काही समाजांत थोरल्या बहिणीची मुलगीही चालते. तेलुगूत आईचा भाऊ, आत्याचा नवरा व सासरा हे तिघेही ‘मामा’, आणि आत्या, मामी व सासू या तिघीही ‘अत्त’. आता आमच्या सुनेकडे पाहा. ती सासऱ्यास ‘मामंजी’ म्हणते, खेड्यापाड्यांतून सासूस ‘आत्याबाई’ म्हणते, आणि तिचे लग्न परक्या घरात झालेले असले तरीही म्हणते. चाल मागे पडली तरी तिची चौकट शब्दांत शिल्लक राहिली.

येथवर संरचनावाद आपल्या उपयोगी पडतो. परंतु या चौकटीत ती सून कोठे आहे? देवघेवीच्या हिशेबात ती एका घरातून दुसऱ्या घरात जाणारे चिन्ह ठरते. तिला मामाचा मुलगा हवा होता की नको, तिचे वय काय होते, हे कोष्टकात येत नाही. स्वतः लेवी-स्त्रोसनेही ग्रंथाच्या शेवटी कबूल केले आहे की, स्त्री ही नुसती चिन्ह होऊ शकत नाही, कारण ती स्वतःही चिन्हे निर्माण करते. आपल्याकडे याचा पुरावा जात्यावरच्या ओव्यांत आहे. प्रॉपने 1928 मध्ये रशियन परीकथांतून 31 कार्ये वेगळी काढली, तशी ओवीचीही घडण काढता येईल: सासर आणि माहेर, भाऊ आणि भावजय, वाट पाहणे आणि बोळवण. परंतु ओवीचे बळ त्या जोड्यांत नसून त्या जोड्या वापरणाऱ्या बाईच्या मुखात आहे. जिची देवघेव झाली तीच येथे बोलते.

म्हणून रचना आणि इतिहास यांची फारकत करणे आम्हांस मान्य नाही. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकविणारे नरहर कुरुंदकर (1932–1982) ‘रूपवेध’ लिहून कलेच्या स्वरूपाची चर्चा करीत आणि तीच बुद्धी मनुस्मृतीच्या चिकित्सेसही लावीत. रूपाचा विचार करणाऱ्याने समाजाकडे पाठ फिरविली पाहिजे असे त्यांनी मानले नाही. 1994 पासून नांदेडास विद्यापीठ आहे व लातूर जिल्हा त्याच्या कक्षेत आहे. तेथील विद्यार्थ्यांनी पॅरिसच्या ग्रंथांवर टिपणे काढावीत, त्यास आमची हरकत नाही. पण देगलूर, बिलोली, उदगीर व निलंगा येथील बोली आणि ओव्या त्यांनी आधी टिपून घ्याव्यात. पिठाच्या गिरणीने जाते थांबविले आहे. ज्या म्हाताऱ्यांना ओव्या मुखोद्गत आहेत त्या आता थोड्या उरल्या आहेत. टिपताना ओवीच्या घडणीबरोबर ती कोणी गायिली, कोणत्या घरातून कोणत्या घरात आलेली असता गायिली, हेही लिहून ठेवावे. नुसती घडण नंतरही काढता येईल. गाणारी गेल्यावर ही दुसरी माहिती कोणासच देता यावयाची नाही.