जिस्ट कार्ड : संगणकातील देवनागरीची जोडणी

१९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने कानपूरच्या आयआयटीत आकाराला आलेले, भारतीय लिप्या संगणकावर आणणारे जिस्ट तंत्र पुढे विकसित केले. जिस्ट कार्ड, म्हणजे संगणकाच्या रिकाम्या खाचेत बसवायची इलेक्ट्रॉनिक पट्टी, बसवल्यावर केवळ रोमन लिपी जाणणाऱ्या डॉस प्रणालीवरील प्रचलित प्रोग्रामांतही देवनागरी उमटू लागली, त्यामुळे नवे यंत्र न घेता जुन्याचीच क्षमता वाढवणे शक्य झाले. त्यामागील इस्की ही संकेतप्रणाली, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी व्यवस्था, १९९१ मध्ये भारतीय मानक ठरली.

वापरकर्त्यांची खरी अडचण मात्र कळफलकाची होती. इन्स्क्रिप्ट या कळफलकाच्या मांडणीत स्वर डावीकडे आणि व्यंजने उजवीकडे असून ती बहुतेक भारतीय लिप्यांना समान असल्याने तर्कशुद्ध होती, तरी टंकलेखन यंत्रावर बोटे बसलेल्या टंकलेखकांना ती नव्याने शिकावी लागे, आणि म्हणूनच पुढील अनेक मराठी सॉफ्टवेअरांनी टंकलेखन यंत्राची जुनी मांडणीही पर्याय म्हणून ठेवली. विंडोजच्या काळात देवनागरी उमटवण्याचे काम सॉफ्टवेअरच करू लागल्याने कार्डाची गरज संपली, परंतु युनिकोड या आजच्या जागतिक संकेतप्रणालीतील देवनागरीचा विभाग इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेला असल्याने त्या प्रयत्नाचा पाया आजही टिकून आहे.