कंप्रता-मिश्रण

दोन भिन्न कंप्रतांच्या तरंगांपासून त्यांच्या बेरजेची, वजाबाकीची किंवा तत्सम नवी कंप्रता निर्माण होण्याची क्रिया. तरंग नुसते एकत्र आल्याने ती घडत नाही. रेषीय माध्यमात त्यांची क्षणोक्षणी बेरीज होते व पुढे ते आपापल्या कंप्रतेनेच जातात. माध्यमाचा किंवा उपकरणाचा प्रतिसाद अरेषीय असेल, म्हणजे दुप्पट आदानाला नेमके दुप्पट प्रदान मिळत नसेल, तरच तरंगांचा गुणाकार होऊन नव्या कंप्रता निघतात. यावर विस्पंदांचा दाखला देऊन आक्षेप घेतला जातो. ४४० व ४४३ हर्ट्झचे स्वर एकत्र वाजल्यास सेकंदाला ३ विस्पंद ऐकू येतात. तंबोऱ्याची जोड जुळवताना ते मंदावून नाहीसे होईपर्यंत मणी सरकवतात. पण तेथे आवाज फक्त चढतो-उतरतो. वर्णपट काढल्यास मूळच्या दोनच कंप्रता आढळतात, ३ हर्ट्झची नाही.

ध्वनी : दोन स्वर जोराने वाजवले असता ऐकू येणाऱ्या तिसऱ्या स्वराचे वर्णन इटालियन व्हायोलिनवादक जुझेप्पे टार्टीनी यांनी १७५४ च्या ग्रंथात केले. जर्मन ऑर्गनवादक सोर्गे यांचा छापील उल्लेख त्याआधीचा असल्याने शोधाच्या श्रेयाबाबत एकमत नाही. विस्पंद जलद झाले की त्यांचाच स्वर बनतो, असे टॉमस यंग यांचे मत होते. हेल्महोल्ट्स यांनी कानाच्या अरेषीयतेवर बोट ठेवले. १००० व १२०० हर्ट्झचे स्वर कानात सोडल्यास कर्णनलिकेतील सूक्ष्म मायक्रोफोनला ८०० हर्ट्झचा क्षीण ध्वनी मिळतो. पहिल्याच्या दुपटीतून दुसरा वजा केला की हीच संख्या येते. विस्पंद सेकंदाला २००, त्यामुळे यंग यांच्या मताने ८०० चा उलगडा होत नाही. हा केवळ मेंदूचा भास असावा ही शंकाही टिकत नाही, कारण ध्वनी कानातून बाहेर येतो. अशा कर्णजन्य ध्वनींचे अस्तित्व डेव्हिड केंप यांनी १९७८ मध्ये दाखवले. नवजात बालकांच्या श्रवणचाचणीत त्यांचा उपयोग होतो.

रेडिओ : येथे अरेषीयता मुद्दाम योजतात. रेजिनल्ड फेसेंडेन यांची हेटरोडाइन कल्पना १९०१ ची. एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९१८ मध्ये सुपरहेटरोडाइन ग्राही सिद्ध केला. मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर लावली, की ग्राहीतील आंदोलक १०१३ किलोहर्ट्झ निर्माण करतो. मिश्रकातून ४५५ किलोहर्ट्झची वजाबाकी निघते व पुढचे विवर्धन त्या एकाच ठरावीक कंप्रतेवर होते. केंद्र बदलले तरी ती बदलत नाही, म्हणून गाळण्या एकदाच जुळवाव्या लागतात. मात्र १४६८ किलोहर्ट्झचा संकेत आत शिरला तर त्याचीही वजाबाकी ४५५ च येते. दोन्हींतील भेद मिश्रणानंतर करता येत नाही. नको असलेला संकेत मिश्रकाआधीच्या मेलित मंडलातच अडवावा लागतो.

प्रकाश : १९६१ मध्ये माणकाच्या लेसरचा ६९४ नॅनोमीटरचा प्रकाश क्वार्ट्झमधून नेऊन, म्हणजे त्याच्या कंप्रतेत तीच कंप्रता मिळवून, दुप्पट कंप्रतेचा, ३४७ नॅनोमीटरचा प्रकाश मिळवण्यात आला.